अस्मानी कपाट

टेम्पोतून सामान उतरायला लागलं, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायकांना एकदमच अंगण झाडायचं आठवलं. एरवी पडेगावात आमच्या गल्लीत भरदुपारी चिटपाखरू दिसत नाही. त्या दिवशी मात्र जी ती हातात झाडू घेऊन दारात. तपकिरी लोखंडी कपाट, दिवाण, ड्रेसिंग टेबल, काचेचं शोकेस, दोन खुर्च्या. तीन वर्षांपूर्वी हेच सामान याच दारातून करमाडला गेलं, तेव्हा याच बायकांनी कपाटाला हात लावून लावून कौतुक केलं होतं. आता ते परत आलं होतं. माझी पोरगी, संस्कृती, त्याच्या चार महिने आधीच आली होती. तिला आणायला टेम्पो लागला नाही. एक पिशवी घेऊन ती बसनं आली.

करमाडच्या घरात तिनं काय सोसलं ते मला पुरतं माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायची माझी हिंमत नव्हती. तिच्या कानामागं एक वण आहे, वेणी घालताना दिसतो, तेवढं मला पुरे झालं. फारकत झाली, आणि यादीप्रमाणे सामान मिळालं म्हणून आमच्या ह्यांनी, नानासाहेबांनी, टेम्पोवाल्याच्या कागदावर सही केली. सही करताना त्यांनी चष्मा लावून यादी वाचली. मला त्यांचा असा राग आला म्हणता! पोरगी कशी परत आली ते कुणी यादीत ताडून बघितलं नव्हतं.

तीन खोल्यांचं आमचं घर. मागची खोली माझ्या लेकाची, शिवमची, पण तो पुण्याला नोकरीला, वर्षातून दोनदा येणार. संस्कृती तिथं राहायची. सामान दुसरीकडं मावत नव्हतं, म्हणून तिथंच लावलं. त्या रात्रीपासून ती स्वयंपाकघरात, पाण्याच्या ड्रमांशेजारी झोपायला लागली. मी म्हणाले, अगं, तिथं ओल असते. तिनं गोधडी तिथंच पसरली. खोलीत कपडे घ्यायलासुद्धा जाईना. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच दिवाणावर, त्याच आरशासमोर तिची अडीच वर्षं गेली होती. भिंती बदलल्या, पण आतलं सगळं तेच.

"इकून टाका ते," मी ह्यांना म्हणाले.

"इकून? भंगारवाला किलोवर घेतो. तुझ्या भावानं हौसेनं दिलेलं कपाट किलोवर घालू व्हय?"

कपाट माझ्या भावानं दिलेलं, हे खरं. आतल्या दारावर पेंटरकडून लाल अक्षरांत लिहूनही घेतलं होतं त्यानं: चि. सौ. कां. संस्कृती हिस मामा साहेबराव यांजकडून सप्रेम भेट. खाली लग्नाची तारीख.

तेव्हा मला मोबाइलवर त्या बाया दिसायला लागल्या. जुन्या स्टुलाला रंग देतात, फुटक्या बरणीची फुलदाणी करतात, आणि म्हणतात, बघा मैत्रिणींनो, कमी खर्चात घर कसं नवंकोरं. एरवी मी असल्या बायांना नावं ठेवली असती. पण मी एक व्हिडिओ बघितला, दुसरा बघितला, आणि मनाशी ठरवलं. विकता येत नाही ना? मग ओळखूच येणार नाही असं करायचं.

छावणीत युसूफभाईंचं रंगाचं दुकान आहे. हे दर दिवाळीला तिथूनच रंग आणतात. मी म्हणाले, भाई, सगळ्यांत स्वस्त काय असेल ते द्या. त्यांनी मागून ऑईल पेंटचा एक मोठा डबा काढला. झाकण एकदा उघडून परत ठोकलेलं. आत अस्मानी रंग, असा की बघतच राहावं.

"ये वापस आया सो डब्बा है भाभी. मशीन पे शेड जरा चूक गया. कलर में कुच खोट नै. लेनेवाले के दिल में नै बैठा, बस. आधे में ले जाओ."

मला तिथंच दुकानात रडू आलं. वापस आलाय, खोट काही नाही, घेणाऱ्याच्या मनात बसला नाही. युसूफभाई बिचारे घाबरले, त्यांना वाटलं भाव जास्त सांगितला. त्यांनी वर दोन ब्रश आणि पॉलिश पेपर फुकट दिला. "भाभी, लोखंड है, पहले प्रायमर मारना. नै तो पपडी निकल जाती," असंही बजावलं. मी मान डोलावली आणि प्रायमर घेतलाच नाही. आणखी एक डबा कशाला, म्हटलं. माझ्या सगळ्या चुका अशाच, चार पैसे वाचवताना झालेल्या.

पहिल्या दिवशी मी एकटीनं कपाटाचं आतलं दार रंगवलं. सगळ्यांत आधी ती लाल अक्षरं झाकली. भावाच्या नावावर ब्रश फिरवताना दोनदा थांबले, पण तारीख झाकताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुपारी संस्कृती दारात येऊन उभी राहिली.

"आई, ओघळ यायलेत," ती म्हणाली.

चार महिन्यांत तिनं आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी म्हणाले, "मग तू पूस की." तिनं ब्रश घेतला, डब्याच्या काठाला निपटला, आणि वरून खाली एकसारखा हात मारला. ओघळ गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले आणि मग चहा टाकला.

पुढचा दीड महिना आमच्या घरात रंगाचा नुसता धुमाकूळ. दिवाण अस्मानी झाला. आरशाच्या चौकटीला तिनं पिवळी बारीक बुंदकी दिली. शोकेसची काच काढली, मधल्या फळ्या हलवल्या आणि त्याची पुस्तकांची मांडणी झाली. माझ्या जुन्या इरकलीचे पडदे शिवले. खोलीच्या भिंतीही आम्हीच रंगवल्या, दिवाळीच्या उरलेल्या चुन्यात थोडा पिवळा घालून. कपाट तेवढं हलवलं नाही. दोघींना हलेना आणि ह्यांना सांगितलं तर कंबर धरून बसतात.

"मागची भिंत तशीच राहील गं," संस्कृती म्हणाली.

"राहू दे की. कपाटामागं कोण बघतंय?"

ती हसली. मग कपाटाच्या कडेकडेनं ब्रश फिरवला आणि भिंत पुरी केली. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, घरोघर निळे ड्रम. तिनं आमच्या ड्रमांनाही सोडलं नाही, त्यांच्यावर कारल्याचा वेल काढला. हे म्हणाले, आता याला कारली लागली की सांगा. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी थट्टा केली होती.

ज्या दिवशी ती पुन्हा खोलीत झोपायला गेली, त्या दिवशी मी तिची गादी घालून दिली. तिनं उशी छातीशी धरली आणि विचारलं, "आई, मी इथंच ऱ्हाऊ ना?"

"म्हंजी?"

"कायमची. मला कुठंच जायचं नाय. मी काम करीन, तुमच्यावर वझं नाय व्हणार."

"ही खोली तुझी," मी म्हणाले. "मी हाय तवर तुला कुणी इथून हलवायचं नाय. माझा शब्द हाय."

हे मी बोलले. माझ्या तोंडानं बोलले. तिनं माझा हात धरून स्वतःच्या गालाला लावला, पंचवीस वर्षांची घोडी, पण लहानपणी लावायची तस्सा.

कामही मिळालं तिला. ब्रश धुवायला थिनर आणायला ती युसूफभाईंकडं गेली होती. त्यांनी कपाटाचे फोटो बघितले आणि आपल्या नातीचं, गजालाचं, अभ्यासाचं टेबल रंगवायला दिलं. संस्कृतीनं त्यावर खारी काढायला घेतल्या. एक खार पेन्सिल कुरतडतेय, एक पाटीवर बसलीय. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. खोलीचेही पाठवले. मिरवायची भारी हौस मला. पोरीचं कौतुक करायला आधी तीन वर्षांत काही मिळालंच नव्हतं, मग मी सुटलेच.

ते फोटो बघून कडूआक्का आल्या. कडूबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण. आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच खोलीत गेल्या. कपाट उघडून बघितलं, दिवाणावर बसून बघितलं, आरशात तोंड बघितलं.

"आशा, अगं, हे तर नवं दिसायलंय सगळं!"

"पोरीनं केलं, आक्का."

"सोनं केलं सोनं." आणि मग आवाज खाली आणून, "सिल्लोडला एक जागा हाय. राजेंद्र नावाचा पोरगा. बायको वारली, एक लहान पोरगी हाय. माणसं लई चांगली."

मी म्हणाले, "आक्का, तिला नाय जायचं कुठं."

"तिला नाय जायचं. आन उद्या शिवमची बायको आली, मग ही खोली कुणाची? तू काय जन्माला पुरणारेस व्हय तिला?"

मी नुसतं म्हणाले, बघायला येऊ देत, बघितल्यानं काय होतंय. संस्कृतीला सांगितलं, आत्याचं मन मोडायला नको, चहा नेऊन दे, आपल्याला कुठं द्यायचंय? तिनं माझ्याकडं बघितलं. "नक्की ना आई?" मी म्हणाले, नक्की.

मंडळी रविवारी आली. राजेंद्र, त्याची आई आणि एक मामा. आता मला त्यांच्यात खोट काढता आली असती तर किती बरं झालं असतं. पण माणसं खरंच साधी होती. राजेंद्र मान खाली घालून बसला होता, त्याच्या शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, त्याचं त्यानंच लावलं असणार. त्याची आई म्हणाली, "आमच्या घरात बाईमाणूस पायजे हो, बाकी आम्हाला काय बी नको. नारळ आन मुलगी द्या. गादीसुद्धा नको."

यावर गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं मला. बरं, कळवतो, म्हणायचं, आणि मागाहून नाही म्हणून सांगायचं. ते काही मागत नव्हते, आम्ही काही देणं लागत नव्हतो. पण ती बाई आमच्या फरशीकडं, प्लास्टिकच्या खुर्च्यांकडं बघत होती, आणि मला वाटलं, ही आमची कीव करतेय. परत आलेली पोरगी, म्हणून यांच्याकडं द्यायला काही नसणार, म्हणून ही मोठ्या मनानं सोडतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी माझ्या लेकीला फुकटात नेणार? नुसत्या नारळावर?

"तसं कसं?" मी ताडकन बोलले. "रिकाम्या हातानं पाठवू व्हय आम्ही? या, बघा आत." आणि मी उठून त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. मी स्वतः. कपाटाचं दार उघडून दाखवलं, आरशाची बुंदकी दाखवली. "हे सगळं तिचंच हाय. दिवाण, कपाट, टेबल, सगळं तिच्यासंगं येणार. नव्यासारखं करून ठेवलंय."

राजेंद्रच्या आईनं पदर सावरला. "मग आमचं ठरल्यासारखंच समजा की," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. कडूआक्कांनी लगेच साखरेचा डबा मागवला. मी मागं वळले, तर दारात संस्कृती उभी, हातात चहाचा ट्रे. सगळं ऐकलेलं. ट्रे जराही हलला नाही. ती पुढं आली आणि एकेकाला कप दिला.

मंडळी गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, "कळवा त्यांला, नाय जमत म्हणून."

हे चकित. "अगं, तूच की सगळं दाखवून दिलं! मी तर तोंड बी उघडलं नव्हतं. साखर तोंडात घालून पाठवली माणसं, आता कोणत्या तोंडानं नाय म्हणू?"

कडूआक्का म्हणाल्या, "आता मागं सरलात तर पोरीलाच नाव ठेवतील. म्हणतील, करमाडच्यांनी उगंच नाय सोडली."

मी संस्कृतीकडं गेले. ती टेबलावरच्या खारीला शेपूट काढत होती. मी म्हणाले, "तुला नको असंल तर सांग. मी मोडते." ती शेपटीचे केस एकेक करून काढत राहिली.

"नको व्हतं तवाच तुला सांगितलं व्हतं, आई," ती म्हणाली. "आता तू बोलून बसलीस. एकदा परत आलेय. आता दुसरी बोलणी मोडली तर तुमीच मला किती दिवस गोड बोलसाल?"

मी म्हणायला हवं होतं, जन्मभर. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. कारण आक्काचा तो प्रश्न माझ्याही पोटात शिरून बसला होता, उद्या शिवमची बायको आली की खोली कुणाची. मी तिथून उठले आणि कुकर लावला. माझ्यासारख्या बायका वेळ आली की कुकर लावतात.

लग्न देवळात, पंधरा माणसांत झालं. सामान दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं आणि पाठवणीही तेव्हाच. सकाळी लग्न लागलं, राजेंद्रची मंडळी सिल्लोडला पुढं गेली, आणि दुपारी मी जरा पडले होते तर मागच्या खोलीतून खर्र खर्र आवाज यायला लागला. जाऊन बघते तर हातात हिरवा चुडा, कपाळावर अक्षता, आणि संस्कृती उलथन्यानं कपाट खरवडत होती.

प्रायमर मारलेलाच नव्हता. रंग पापुद्र्यांनी सुटत होता, तळहाताएवढे अस्मानी तुकडे खाली पडत होते. दिवाण तिनं आधीच पॉलिश पेपरनं घासला होता, सगळ्या खोलीत निळी धूळ. आरशाची बुंदकी गेली होती.

"अगं, काय करायलीस? उद्या टेम्पो यायलाय! लोक काय म्हणतील?"

"सामान माझं हाय ना? तूच म्हणालीस त्यांला. जाऊ दे माझ्यासंगं." तिचा हात थांबला नाही. "रंग मी या खोलीसाठी दिला व्हता. त्यो इथंच ऱ्हाऊ दे."

तिनं आतलं दार उघडलं. तिथंही उलथनं चालवलं. आधी माझ्या भावाचं नाव वर आलं, मग सप्रेम भेट, मग ती तारीख. लाल अक्षरं जशीच्या तशी, एक काना हललेला नाही. ती तारखेकडं बघत राहिली.

"हे झाकायला नको," ती म्हणाली. "कपाट दुसऱ्यांदा चाललंय, त्यांला बी दिसू दे."

ही माझी वेळ होती. अजूनही होती. देवळात लग्न लागलं म्हणून काय झालं, मी दाराला कडी घालून म्हणू शकत होते, जाऊ नको. टेम्पो रिकामा पाठवला असता. जगानं शेण घातलं असतं तोंडात, घालू दे. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाकाला रुमाल बांध, धूळ जाईल."

तिनं रुमाल बांधला. मी स्वयंपाकघरातून दुसरं उलथनं आणलं आणि कपाटाच्या डाव्या बाजूला बसले. दिवस कलेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ते पुन्हा तपकिरी केलं. मध्ये एकदा तिनं विचारलं, गजालाचं टेबल युसूफभाईंकडं पोचवशील ना? मी हो म्हणाले. हे दारापाशी आले, एकदा बघितलं आणि बाहेर जाऊन बसले.

सकाळी टेम्पो आला. गल्लीतल्या बायकांना पुन्हा अंगण झाडायचं आठवलं. कपाट चौघांनी उचललं. संस्कृती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर तीच पिशवी. चढण्याआधी तिनं मला वाकून नमस्कार केला, रीतीप्रमाणे, आणि मी आशीर्वाद दिला, रीतीप्रमाणे.

नंतर मी खोली झाडली. अस्मानी तुकडे सुपात भरले, पण टाकवेनात, म्हणून एका डब्यात घालून माळ्यावर ठेवले. फरशीच्या खाचांतली धूळ मात्र पुसून निघत नाही. तिचा फोन येतो, बरी आहे म्हणते, राजेंद्रची मुलगी तिला चिकटलीय म्हणते. खोलीचं मी विचारत नाही.

पिवळ्या भिंतीवर मधोमध कपाटाएवढा जुना कळकट चौकोन राहिलाय. कडेनं तिच्या ब्रशची रेघ, अगदी सरळ. युसूफभाईंच्या डब्यात तळाला थोडा रंग आहे अजून, हे म्हणतात, मार की त्याच्यावर. मी मारत नाही. कपाटामागं कोण बघतंय, असं मीच म्हणाले होते. आता मी रोज बघते.